सूर्याचे विकास अधिकारी

"तुम्ही नसाल, पण सूर्य असेल."

कोणाच्याही घरी गेले की काका चपला काढता काढता आधी वर छताकडे बघायचे आणि मग हे वाक्य टाकायचे. घरचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन उभा असायचा. पाहुण्याने पाणी पिण्याआधीच त्याला स्वतःच्या मरणाची बातमी मिळायची. जयपूरच्या लोकांना ते हेच हिंदीत ऐकवत, "आप नहीं रहेंगे, सूरज रहेगा," आणि समोरचा माणूस कानाला हात लावून म्हणे, "अरे साब, शुभ-शुभ बोलिए!"

काकांचा त्यात काही दोष नव्हता. उभा जन्म त्यांनी जयपूरच्या विमा कंपनीत विकास अधिकारी म्हणून काढला होता. विमा विकणारा माणूस बोलणं मरणापासूनच सुरू करतो. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. तो तुमच्या घरी येतो, तुमचेच पोहे खातो आणि तुमच्या पश्चात तुमच्या मुलांचं काय होईल ते तुमच्या मुलांसमोरच सांगतो. निवृत्तीनंतर काकांच्या हातात विकायला पॉलिसी उरली नाही, पण विकण्याची पद्धत तेवढी उरली. ती त्यांनी सूर्याला लावली.

आमची इमारत चार मजली. काका-काकू तिसऱ्या मजल्यावर आणि बँकेची बदली होऊन जयपूरला आलेली मी दुसऱ्या. गच्ची बिल्डरने स्वतःकडे ठेवली होती आणि तिच्या दाराला भलंमोठं कुलूप लावलं होतं. अशातच एका नव्या कायद्याचा मसुदा निघाला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचा गच्चीत वाटा, तिथे सौर पॅनल बसवायचा हक्क आणि तयार झालेली वीज सगळ्यांच्या मीटरमध्ये वाटून घ्यायची सोय, असं त्यात होतं. सरकारने लोकांची मतं मागवली होती. पुढे शहरातल्याच झालाना भागात एका सरकारी कार्यालयात जनसुनवाई व्हायची होती. काकांनी ती बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि जिना उतरून माझ्याकडे आले.

"बँकवाली, झालान्याला लोक गेले नाहीत तर कोण जाईल सांग."

"कोण?"

"बिल्डर जातील की! हारतुरे घेऊन जातील." आणि त्यांनी माझ्या छताकडे पाहिलं. "तू नसशील, पण..."

"काका, मला बँकेत जायचंय," मी म्हटलं. सकाळी नऊला मरणाचा विषय मला झेपत नाही.

या सगळ्यात काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांना मिरजेला परत जायचं होतं. तिथे त्यांच्या दिराच्या शेजारी एक छोटं घर होतं, आणि काकांच्या निवृत्तीपासून त्या ते घर डोळ्यांसमोर धरून बसल्या होत्या. तांब्याची भांडी त्यांनी केव्हाच जुन्या साड्यांत बांधून ठेवली होती. चहा करायचा म्हटलं तरी आधी गाठोडं सोडावं लागे. त्यांचा एकच प्रश्न असे, आणि तो त्या काकांना माझ्यादेखत विचारत.

"उद्या काही झालं तर इथं दारात चार माणसं तरी उभी राहतील काय ओ? सगळी परकी."

एरवी दुसऱ्यांच्या मरणावर तासभर बोलणारा हा माणूस स्वतःच्या मरणाचा विषय निघाला की पंखा कमी-जास्त करत बसे. शेवटी दोघांत तह झाला. सुनावणी होईपर्यंत थांबायचं. गच्चीचं काही झालं तर ठीक, नाही तर गाठोडी उचलायची. काका गच्चीसाठी जिवाचं रान का करत होते, ते या तहावरून तुमच्या लक्षात येईल. त्यांना जयपूर सोडायचं नव्हतं. या शहराने त्यांना काय दिलं होतं ते मला कधी नीट कळलं नाही. सकाळची प्याजवाली कचोरी सोडली तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रचाराला त्यांनी आमच्या इमारतीपासूनच सुरुवात केली. सोसायटीचे सचिव खंडेलवालजी तळमजल्यावर राहायचे. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, त्यांचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान. स्वभावाने गोड आणि निर्णयाला अवघड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बात तो ठीक है भाईसाहब, पर संक्रांत पे पतंग कहाँ उड़ाएँगे?"

"खंडेलवालजी, छत को तो ताला है! अभी कहाँ उड़ाते हो?"

"अभी तो साले के यहाँ जाते हैं। पर कभी ताला खुला, तो?"

कुलूप लावलेल्या गच्चीवरच्या, अजून न उडवलेल्या पतंगांसाठी खंडेलवालजी तीन आठवडे भांडले. काकांनीही हार मानली नाही. मे महिन्यात आमच्या नळाला दुपारी जे पाणी येतं त्यात डाळ शिजेल. आंघोळीचं पाणी इथे लोक पहाटेच बादलीत भरून गार करत ठेवतात. काकांनी भर दुपारी खंडेलवालजींचा हात धरून त्यांच्याच नळाखाली नेला.

"हाय हाय हाय! जला दिया!"

"ये सूरज है," काका म्हणाले, "नल में से तो आताच है. तार में से भी लो की!"

काकांची हिंदी इतक्या वर्षांनंतरही मिरजेच्या मार्केटातून हलली नव्हती. "हमारा छत हमको होना," असं ते म्हणत, आणि समोरचा माणूस नेमकं काय हवंय ते कळायच्या आधीच होकार देऊन टाके.

खंडेलवालजींचा हात भाजला, पण मन वळलं नाही. मात्र काकांना वाटेला लावण्यासाठी त्यांनी चौमूंला राहणाऱ्या आपल्या साडूचा पत्ता दिला. "वहाँ सब समझदार लोग हैं." काका रविवारी बसने चौमूंला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. साडूने अंगणात पंचवीस-तीस माणसं जमवली होती. काका घामाघूम होईपर्यंत बोलले. लोकांनी अतिशय आदराने ऐकलं. मग एका पागोटेवाल्या आजोबांनी विचारलं, "पर साब, म्हारी छत तो म्हारी ही है। आपकी किसकी है?"

"बिल्डर की."

"तो आप लोग दूसरे की छत के नीचे सोते हो?"

काकांना होय म्हणावं लागलं. अंगणात हळहळ पसरली. बायकांनी आमच्याकडे पाहून चुकचुक केलं. नंतर आम्हाला दाल-बाटी वाढली, आणि त्या दयेपोटी बाटीवर इतकं तूप ओतलं की परतताना बसमध्ये मला बोलवेना. पाठिंब्याच्या कागदावर मात्र सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांच्या डोक्यावर छत नाही अशा दोन मराठी माणसांना मदत केली, अशी त्यांची समजूत झाली असावी. निघताना साडूने आमच्या हातात मुळ्याची जुडीही दिली.

खरी पंचाईत होती ती आमच्या कॉलनीची. काकांनी सामुदायिक भवनात सभा बोलावली की काकू, मी आणि पंख्याचं बटण दाबायला आलेला चौकीदार एवढीच मंडळी जमत. खंडेलवालजी समोसे येईपर्यंत थांबायचे. काका तरीही माइक घेऊन पूर्ण भाषण करत. काकू पहिल्या रांगेत बसून लसूण सोलत.

"बघा," त्या घरी आल्यावर म्हणत, "साध्या सभेला कोण येत नाही. तुम्हाला पोचवायला कोण येणाराय?"

आता इथली एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. जयपुरात कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी 'तीये की बैठक' असते. संध्याकाळी ठरलेला अर्धा तास. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, समोर गेलेल्याचा फोटो. लोक येतात, हात जोडून बसतात, अर्धा तास झाला की उठतात. लग्नाला दोन तास उशिरा जाणारं हे शहर या बैठकीला मिनिटभरही चुकत नाही. शेजाऱ्याशी वर्षभर अबोला असला तरी तिथे जावंच लागतं. विम्याच्या नोकरीत काका अशा शेकडो बैठकांना बसून आले होते, आणि सभा ओस पडल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बँकवाली, लोक का येत नाहीत माहितीय? आपण वेळेचा शेवट सांगत नाही. इथल्या माणसाला कधी उठायचं ते आधी कळलं पाहिजे. पाच ते साडेपाच. खाली बसायला चादरी. आणि निमंत्रणावर फोटो! चेहरा बघितल्याशिवाय इथे कोण घर सोडत नाही."

मला ते पटलं. आजही मी स्वतःला विचारते की मला ते कसं पटलं. मी हिंदी मजकूर तपासून दिला आणि बँकेत ऑडिट होतं म्हणून मोबाइलवरचा कॉलनीचा ग्रुप गप्प करून ठेवला. तो मजकूर आणि आपला पासपोर्ट फोटो घेऊन काका चारदीवारीतल्या एका छपाईवाल्याकडे गेले. तो लग्नपत्रिका आणि शोकसंदेश अशा दोनच गोष्टी करत असे. पांढऱ्या केसांच्या गंभीर माणसाचा फोटो समोर आल्यावर त्याने काही विचारलं नाही. फोटो मोठा केला, भोवती झेंडूच्या माळेची चौकट टाकली, वेळ आणि जागा ठळक केली आणि गच्चीच्या हक्काबद्दलचा माझा सगळा सुंदर मजकूर खाली मुंगीएवढ्या अक्षरात बसवला. काकांना ते फारच आवडलं. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं.

पहिला 'ॐ शांति' चौथ्या गल्लीतल्या कोणा तरी डॉक्टरांचा आला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यापैकी कोणीही पहिल्या 'ॐ शांति'नंतर वर जाऊन वाचत नाही. दुपारपर्यंत ग्रुपवर त्या दोन शब्दांची रांग लागली. मध्येच कोणी 'बहुत नेक इंसान थे' लिहिलं. काका चष्मा न लावता मोबाइल बघत. इतके लोक उत्तर देतायत एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी प्रत्येकाला हात जोडल्याची खूण पाठवली. लोकांना वाटलं, बंगळुरूचा मुलगा आलाय आणि बापाच्या फोनवरून उत्तरं देतोय. बिचारा किती संस्कारी.

पाच वाजता मी बँकेतून थेट सामुदायिक भवनात पोचले तर बाहेर चपलांना जागा नव्हती. आत सगळी कॉलनी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, सगळे पांढऱ्या नाही तर फिक्या कपड्यांत. समोर काकांचा फोटो टेबलावर टेकवलेला, आणि त्याच्यासमोर कोणीतरी गुलाबाच्या पाकळ्या ठेवलेल्या. आठवडाभर बायकोसह गावाला जाऊन त्याच दुपारी परतलेले खंडेलवालजी दाराशी हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे लाल होते.

काकू मात्र सभा म्हणून हिरवीगार इरकल नेसून, ताकाची कळशी घेऊन आल्या होत्या. बायकांनी त्या साडीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि मग बाईला धक्का बसलाय असं ठरवून एकेकीने त्यांना पोटाशी धरलं. खंडेलवालजींच्या बायकोने तर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदका दिला.

"मला वाटलं, विजेच्या बिलानं एवढी गांजलीत की काय," काकू मला नंतर म्हणाल्या. तेव्हा त्या सगळ्यांना ताक देत सुटल्या होत्या.

मला सगळं उमगलं तेव्हा खंडेलवालजी पुढे जाऊन बोलायला उभे राहिले होते. अशा ठिकाणी इथे भाषण करत नाहीत, पण त्यांना राहवलं नाही. धाकटा भाऊ वारला तेव्हा कंपनीच्या दारात काका कसे रोज जाऊन बसले, विम्याचे पैसे भावजयीच्या हातात पडेपर्यंत त्यांनी खंडेलवालांच्या घरचा चहासुद्धा कसा घेतला नाही, ते त्यांनी सांगितलं. "और मैं उनसे पतंग के लिए लड़ता रहा," एवढं बोलून त्यांनी फोटोला हात जोडले. मागून आणखी कोणी म्हणालं, माझ्या आईलाही दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. हे मला काहीच माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. त्यांच्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला.

मी तोंड उघडणार, इतक्यात मागचं दार उघडलं. माइकसाठी लांब वायर आणायला गेलेले काका ती वायर गळ्यात अडकवून आत आले. काकांनी ती गर्दी पाहिली. आयुष्यात एवढा श्रोतृवर्ग त्यांना मिळाला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"आप नहीं रहेंगे! सूरज रहेगा!"

एक किंकाळी फुटली. कोणीतरी हनुमान चालीसा सुरू केली. खंडेलवालजी दोन पावलं मागे सरकले ते थेट पाकळ्यांवर बसले. काका गोंधळून फोटोकडे, पाकळ्यांकडे, मग स्वतःच्या शर्टाकडे बघू लागले. मग हळूहळू पुढच्या रांगेतून हसू निघालं आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

पण मजा पुढेच आहे. एकही माणूस उठला नाही. अर्ध्या तासाआधी बैठकीतून उठायचं नसतं, हे सगळ्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. आणि खुद्द गेलेला माणूसच समोर उभा राहून बोलतोय म्हटल्यावर कोणाची हिंमत होणार? काकांनी उरलेल्या वेळात गच्चीचा कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावला. साडेपाचला सगळ्यांनी रांगेने सह्या केल्या. पहिली सही खंडेलवालजींची. जाताना एका आजींनी त्यांना हळूच विचारलं, "अब घर जाके नहाना पड़ेगा कि नहीं?" खंडेलवालजींनी विचार केला आणि म्हणाले, "नहा ही लीजिए, माँजी। गरमी है।"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तेव्हा काकू गाठोडी सोडत होत्या. तांब्याची भांडी चिंचेने घासून ओट्यावर उन्हात मांडली होती. काका खुर्चीत बसून बघत होते, आणि बघितल्याचं दाखवत नव्हते.

"मिरजेला एवढी माणसं आली नसती ओ," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि त्या खंडेलवालाच्या भावाचं मला कधी सांगितलं नाही ते?"

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले आणि उठून पंखा कमी केला.

मला काका फार आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरून लगेच सौर पॅनलचा विषय काढला असता.

सुनावणीची तारीख लागली आणि पुढे गेली. पुन्हा लागली, पुन्हा पुढे गेली. काका प्रत्येक वेळी शर्टाला इस्त्री करून ठेवत. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांनी आपलं नाव सर्वांत आधी नोंदवलं होतं. पावसाळा संपता संपता एका सकाळी कचोरी आणायला म्हणून ते खाली उतरले आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. कॉलनी आली, चौमूंहून ते पागोटेवाले आजोबासुद्धा आले, एवढंच सांगते.

बंगळुरूहून मुलगा आला. चांगला, मऊ बोलणारा मुलगा. मराठी अडखळत बोलतो. आईला काही दिवस मिरजेला तिच्या दिराकडे ठेवावं आणि मग आपल्याकडे न्यावं, असं त्याने ठरवलं. तांब्याची भांडी पुन्हा साड्यांत बांधली गेली. नेमकी गाडीच्या दिवशीच सकाळी सुनावणी लागली. काकू म्हणाल्या, त्यांचं नाव पुकारतील, तेव्हा कोणीतरी तिथे असायला पाहिजे. म्हणून आम्ही सगळे झालान्याला गेलो.

हॉल भरलेला होता. बिल्डर मंडळी पुढच्या रांगेत, आमची कॉलनी मागे. अधिकाऱ्याने यादीतलं पहिलं नाव वाचलं. काकांचं. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा वाचलं. खंडेलवालजी खाली बघत राहिले, मलाही मान वर करता येईना. अधिकारी पुढच्या नावाकडे वळणार तेवढ्यात काकू उठल्या आणि सरळ माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्या कपाळापर्यंत येत होता. त्यांनी तो खसकन खाली ओढला.

"वो नहीं हैं. मैं बोलूँगी."

अधिकाऱ्याने त्यांची हिंदी ऐकली आणि आवाज मऊ केला. "माताजी, आप बाहर से आई हैं क्या? ये सुनवाई यहाँ रहने वालों के लिए है।"

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. संध्याकाळच्या गाडीची दोघांची तिकिटं त्याच्या मोबाइलमध्ये होती.

"बाहर की कैसी?" काकू कडाडल्या. "मेरा घर इधर है, तीसरा माला. मेरे लोग वो पीछे बैठे हैं, गिन लो. मैं किधर भी जाती नहीं. अब छत का बोलती हूँ, बराबर लिखो."

मागच्या रांगा टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मुलाने मोबाइल काढला आणि एक तिकीट रद्द केलं.